वाळवंटातल्या राज्याची हद्द

दोन हजार वर्षांपूर्वीच्या नबाती लोकांचं राज्य कुठून कुठपर्यंत होतं, एवढा साधा प्रश्न घेऊन मी बसलो आणि तिथेच अडकलो. एका पुस्तकातल्या नकाशात ते उत्तरेला थेट दमास्कसला जाऊन भिडतं, दुसऱ्यात बरंच अलीकडे थांबतं. एकात सिनायचा अख्खा त्रिकोण त्यांच्या रंगात रंगवलेला, दुसऱ्यात तो कोरा. दक्षिणेला हेग्रापर्यंत, म्हणजे आजच्या सौदी अरेबियातल्या अल-उलाच्या जवळपास, सगळेच नकाशे जातात. पण त्या लांबलचक पट्ट्याची पूर्वेकडची कड ज्याने त्याने आपापल्या मनाने ओढलेली. आणि रंगवलेल्या भागात जवळजवळ सगळं वाळवंटच. वर्षाला शंभर-दोनशे मिलिमीटर पाऊस, तोही दोन-चार दिवसांत कोसळून जाणारा. बारमाही मोठी नदी नाही.

संस्कृतीचा उगम नदीकाठी, हे आपण शाळेत पाठ केलेलं. नदीला पूर येतो, गाळ साचतो, पीक येतं, पिकावर सारा बसतो, साऱ्यावर राजा पोसला जातो. नाईल घ्या, दजला-फरात घ्या, सिंधू घ्या, क्रम तोच. इथे त्या क्रमातली पहिली पायरीच नाही. मग राजा, नाणी, देवळं, चाळीस मीटर उंचीचे कोरीव दर्शनी भाग, हे सगळं उभं राहिलं कशावर?

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. माझी सगळी नोकरी जकात नाक्यावर झाली. बिल्टी बघायची, माल ओळखायचा, दर लावायचा, पावती फाडायची. शहरात न उतरता नुसताच पार जाणारा ट्रक असेल तर एस्कॉर्ट फी घेऊन माणूस बरोबर द्यायचा आणि तो हद्दीबाहेर पडेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवायची. पुढे जकातच बंद झाली. मी निवृत्त झालो आणि लेकीमुळे या विषयात पडलो. ती आणि जावई अम्मानला असतात. तिनेच मला नबातींच्या राजधानीला, पेट्राला नेलं.

पेट्राला शिरायची वाट म्हणजे सीक नावाची घळ. सव्वा किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना तांबूस दगडाच्या उभ्या भिंती, काही ठिकाणी इतकी अरुंद की आकाशाची नुसती चीर दिसते. घळ संपते तिथे 'खजिना' नावाचा तो प्रसिद्ध कोरीव दर्शनी भाग एकदम समोर येतो, म्हणून सगळे भराभर पुढे जात असतात. माझं लक्ष मात्र भिंतीच्या तळाशी गेलं. डाव्या हाताला कंबरेच्या आसपास दगडात कोरलेला एक चर चालला होता. उजव्या हाताला तशाच खोबणीत भाजलेल्या मातीचे नळ, एकात एक अडकवून चुन्याने सांधलेले. काही तुकडे अजून जागेवर आहेत. मी एका नळात हात घातला. आतून गुळगुळीत आणि कडेला चुन्याचा जाड, पांढरा थर. पाणी वर्षानुवर्षं वाहिल्यावर धरतो तसा.

लेक म्हणाली, "बाबा, चला ना, अजून खजिना राहिलाय."

"थांब गं जरा. हे पाणी यायचं कुठून?"

तिने हात मागे केला. "तो झरा नाही का लागला येताना, ऐन मुसा? तिथून."

म्हणजे काही किलोमीटरवरून. उताराचा अंदाज इतका बारीक, की पाणी साचूनही राहू नये आणि जोराने येऊन नळही फुटू नयेत. मधूनमधून गाळ बसण्यासाठी खोलगट हौद. त्यातही नवल असं, की पिण्याचं पाणी ज्या घळीतून आणलं त्याच घळीतून पुराचं पाणी येऊ नये म्हणून घळीच्या तोंडाशी बांध घातला आणि डोंगर पोखरून बोगद्याने पूर दुसरीकडे वळवला. हा बांध काळाच्या ओघात नाहीसा झाला होता. १९६३ मध्ये सीकमध्ये अचानक लोंढा शिरला आणि वीसहून अधिक पर्यटक मृत्युमुखी पडले. त्यानंतर जुन्या जागीच नवा बांध घालण्यात आला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने बांधाची जागा ठरवली होती आणि आजच्या इंजिनिअरलाही तीच पटली, हे ऐकल्यावर मी तिथे बराच वेळ उभा राहिलो.

त्याच चराच्या कडेला भिंतीवर एक उंटांचा तांडा कोरलेला आहे. आता फक्त खालचा भाग उरलाय. उंटांचे पाय आणि पुढे चालणाऱ्या माणसाच्या अंगरख्याचा घोळ, सगळं खऱ्यापेक्षा मोठ्या मापाचं. वरचं पुरांनी आणि वाऱ्याने झिजवून नेलं. पाण्याचा चर त्या उंटांच्या मागून जातो. उंट आणि पाणी एकाच दगडात. आपल्या शहराच्या दारात काय दाखवायचं हे त्या लोकांनी नीट ठरवलं होतं, असं मला वाटतं.

आत गेल्यावर खजिना, राजांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाधी, आठशे पायऱ्या चढून गेल्यावर येणारा 'दैर' नावाचा तो प्रचंड दर्शनी भाग, हे सगळं पाहिलं. त्याचं वर्णन पुष्कळांनी केलंय. बहुतेक कोरीव दर्शनी भाग थडग्यांचे आहेत, हे कळल्यावर मी आणखीच गोंधळलो. राहती घरं वेगळी होती, बरीचशी दगडी बांधणीची, भूकंपांनी मोडलेली. ३६३ सालच्या भूकंपाने मोठंच नुकसान केलं. पण त्या पडझडीत मोठ्या देवळाशेजारी चाळीस मीटरहून लांब तलावाचे अवशेष सापडलेत. मध्यभागी बेटासारखा चौथरा, भोवती बाग. आठवड्यांचा वाळवंटी प्रवास करून आलेल्या व्यापाऱ्याच्या डोळ्यांसमोर एवढं उघडं पाणी! या राजाची ऐपत त्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज उरली नसेल.

परत आल्यावर वाचायला घेतलं. सुरुवात डायोडोरस या ग्रीक इतिहासकारापासून झाली, कारण नबाती लोकांबद्दलचं सर्वांत जुनं सविस्तर वर्णन त्याच्या ग्रंथात आहे. तो इ.स.पू. ३१२ ची हकिकत सांगतो. अलेक्झांडरनंतर त्याच्या सरदारांत वाटण्या चालल्या होत्या. त्यातल्या अँटिगोनसने या लोकांवर फौज धाडली. चार हजार पायदळ, सहाशे घोडेस्वार. पुरुषमंडळी जत्रेला गेलेली बघून फौजेने त्यांचा कडा गाठला आणि धूप, हिराबोळ आणि पाचशे टॅलेंट चांदी उचलली. नबातींनी पाठलाग केला आणि झोपलेल्या छावणीवर पडून ती फौज जवळपास संपवली.

लढाईपेक्षा मला त्याआधीचा मजकूर विलक्षण वाटला. डायोडोरस म्हणतो, या लोकांत धान्य पेरायचं नाही, फळझाड लावायचं नाही, दारू प्यायची नाही, घर बांधायचं नाही. मोडलं तर देहदंड. कारण ज्याच्याकडे हे असतं त्याला बलवान माणूस सहज वाकवू शकतो. पाण्यासाठी ते जमिनीखाली टाकी खोदत. तोंड अगदी लहान, आत रुंदावत जाणारं, खालची बाजू तीस-तीस मीटरची. पावसाचं पाणी भरलं की तोंड बंद करून जमीन सारखी करायची आणि फक्त आपल्याच लोकांना कळेल अशी खूण ठेवायची. शत्रू आला की वाळवंटात शिरायचं. मागून येणाऱ्याला पाणी सापडत नाही, तो मरतो किंवा परत फिरतो.

टाकं आपल्याला नवं नाही. आपल्या प्रत्येक गडावर आहे. पण गडावरचं टाकं तटाच्या आत असतं. इथे तट नव्हताच, टाक्याची जागा कुणाला ठाऊक आहे यावर सगळं. हे वाचलं तेव्हा माझ्या नकाशाच्या प्रश्नाला पहिल्यांदा धक्का बसला. मी रंगवलेल्या क्षेत्राकडे बघत होतो आणि हे लोक ठिपक्यांवर जगत होते.

घर बांधायचं नाही म्हणणारेच लोक पुढच्या तीनशे वर्षांत पेट्रा उभारतात, ही गोष्ट मात्र मला सहज गिळता येईना. मधे काय झालं? उत्तर उंटाच्या पाठीवरच्या मालात आहे.

माल म्हणजे मुख्यतः दोन प्रकारचा डिंक. एक धूप. त्याचं झाड आजच्या ओमानमधल्या धोफारात आणि येमेनच्या पूर्व भागात वाढतं. सालीला छेद दिला की दुधासारखा चीक येतो, वाळून त्याचे खडे होतात. आपल्या सातपुड्यात आणि विदर्भात वाढणारी सालई ही त्याचीच सख्खी बहीण. दुसरा हिराबोळ, जो आजही काष्ठौषधीच्या दुकानात बाळंतिणीसाठी मागितला जातो. माझ्या आईच्या डब्यात त्याचे काळपट तांबडे खडे असत, कडू वासाचे. ते मूळ अरबस्तानाच्या दक्षिण टोकाचं आणि समोरच्या आफ्रिकी किनाऱ्याचं उत्पन्न, हे मला आत्ता कळतंय.

भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रत्येक देवळाला धूप हवा होता. प्रत्येक प्रेतसंस्काराला हवा होता. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो, लहानपणी अलेक्झांडर देवापुढे मूठमूठ धूप टाकायचा तेव्हा त्याचे गुरू लिओनिडास रागावले होते, की धूपाचा प्रदेश जिंकशील तेव्हा असा उधळ. पुढे गाझा जिंकल्यावर अलेक्झांडरने त्यांना पाचशे टॅलेंट धूप आणि शंभर टॅलेंट हिराबोळ पाठवला. गाझातच एवढा साठा का, तर दक्षिण अरबस्तानातून निघालेला रस्ता गाझाला समुद्राला मिळत होता.

त्या रस्त्याचा हिशेब रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलाय, आणि ती पानं वाचताना मी प्रथमच या विषयात स्थिरावलो. दक्षिण अरबस्तानातल्या हद्रमौतच्या राज्यात गोळा झालेला सगळा धूप उंटांवरून शबवा शहरात आणायचा. शहराला त्यासाठी एकच दरवाजा उघडा. राजमार्ग सोडून दुसरीकडून माल नेला तर देहदंड. दारात देवाचे पुजारी दहावा हिस्सा काढून घेणार, आणि तो वजनाने नाही, मापाने. तो घेतल्याशिवाय माल बाजारात जाणार नाही. तिथून पुढे कताबानच्या मुलखातून जायचं, तर त्या राजाचा वेगळा कर. कताबानची राजधानी तिम्ना. तिम्नापासून गाझापर्यंत उंटाचे पासष्ट मुक्काम. वाटेत राजाच्या कारकुनांना काही, पहारेकऱ्यांना काही, दरवानांना काही. इथे पाण्याचे पैसे, तिथे चाऱ्याचे, पुढे मुक्कामाचे. समुद्रकिनाऱ्यावर पोहोचेपर्यंत एका उंटामागे ६८८ रोमन दिनार खर्च. मग रोमन साम्राज्याचा जकातदार पुन्हा हात पुढे करणार तो वेगळाच.

मी कागद घेऊन बसलो. प्लिनीने धूपाचे दरही दिलेत. उत्तम प्रत रत्तलाला ६ दिनार, मधली ५, हलकी ३. उंटावर दीडशे किलोच्या आसपास ओझं धरलं तर ते साधारण ४५० रोमन रत्तल होतं. उंची मालाचे झाले २७०० दिनार, हलक्याचे १३५०. म्हणजे उंची मालाची पावपट किंमत रस्त्यात जाते आणि हलक्या मालाची निम्मी. त्यावर उंटांची मरतूक, लूटमार आणि उरलेल्या पट्टीत मूळ झाडवाल्याचा वाटा. असं असताना हलका माल पाठवायला कोणाला परवडणार? जो पाठवेल तो मोठ्या तांड्यातूनच पाठवेल, म्हणजे पहाऱ्याचा आणि वाटाड्याचा खर्च विभागला जाईल. आणि मोठा तांडा म्हटलं की एका मुक्कामाला शेकडो उंटांचं पाणी तयार हवं. ते पाणी ज्याच्या हातात, त्याला दर ठरवता येतो.

इथे मला नबाती राज्य दिसलं. पासष्ट मुक्कामांच्या उत्तरेकडच्या टोकाची टाकी, विहिरी, धर्मशाळा आणि पहारे म्हणजेच ते राज्य. हेग्रा हा त्याचा दक्षिणेचा दरवाजा, तिथे शंभराहून अधिक मोठी थडगी कोरलेली आहेत. त्यांतल्या काहींवर चक्क दस्तऐवज आहे. हे थडगं अमक्याचं, त्याच्या वारसांचं, कुणी विकलं किंवा गहाण टाकलं तर दुशरा देवाला आणि नबाती राजा हारिथत याला इतका दंड भरावा लागेल. वाळवंटाच्या मध्यावर मालकी हक्क आणि दंडाची रक्कम दगडात कोरणाऱ्या लोकांना कारभार म्हणजे काय हे पुरतं कळत होतं. पेट्रापासून पुढे पश्चिमेला नेगेव्हमधून गाझाकडे जाताना ओबोदा, मंपसिस, हलुसा ही ठाणी. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोही म्हणतो, की नबाती लोकांत मिळकत वाढवणाऱ्याचा मान होतो आणि जो ती घालवतो त्याला दंड होतो.

ओबोदाजवळ, म्हणजे आजच्या अवदातजवळ, विसाव्या शतकात मायकेल एवेनारी या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुनी शेतं पुन्हा लागवडीखाली आणली. शंभर मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या मुलखात. युक्ती अशी, की एका एकर शेताला वीसेक एकर उजाड डोंगरउताराचं पाणी दगडी पाळींनी वळवून आणायचं. आटपाडी-माणच्या माणसाला हे पाहायला मिळालं पाहिजे. नबातींचा व्यापार ओसरल्यावर या गावांनी शेतीच्याच बळावर पुढची कित्येक शतकं काढली.

रोमला हे राज्य आधीच का गिळता आलं नाही, याचं उत्तर स्ट्रॅबोच्या पानांत सापडलं. रोमन सम्राट ऑगस्टसने धूपाच्या मूळ मुलखापर्यंत पोहोचायचं ठरवलं आणि इ.स.पू. २६ च्या सुमाराला एलिअस गॅलस हा सुभेदार दहा हजारांची फौज घेऊन अरबस्तानात उतरला. वाटाड्या नबाती राजाचा मंत्री सिलाइअस. त्याने मुद्दाम आडवाटेने नेलं, असा स्ट्रॅबोचा आरोप आहे. जाताना सहा महिने लागले, परतताना साठ दिवस. मार्सिआबा शहराला वेढा घातला आणि सहा दिवसांत उठवावा लागला. कारण पाणी. धूपाचा प्रदेश तिथून दोनच दिवसांवर होता म्हणे. लढाईत सात माणसं मेली. बाकीची तहान, भूक, रोग आणि थकव्याने. स्ट्रॅबो गॅलसचा मित्र होता, त्यामुळे सगळा दोष सिलाइअसवर टाकण्यात त्याला रस असणार. माझ्या मते ज्या रस्त्यावर आपलं सगळं पोट आहे तो रस्ता परक्या फौजेला दाखवायचा नाही, हे कुठल्याही मंत्र्याला सुचलंच असतं.

पण रस्त्याला समुद्राने गाठलं. खलाशांनी मोसमी वाऱ्यांवर इजिप्तहून थेट भारताला जहाजं हाकायला सुरुवात केली आणि तांबड्या समुद्रातली इजिप्तची बंदरं मोठी झाली. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या पुस्तिकेत हे सगळं आहे. त्यात ल्यूके कोमे बंदरातून पेट्राला, नबातींचा राजा मलिखस याच्याकडे, रस्ता जातो असं लिहिलंय. तिथे येणाऱ्या मालाचा चौथा हिस्सा घेणारा अधिकारी आहे आणि त्याच्या दिमतीला शिपायांसह शतपती आहे. पंचवीस टक्के! आणि त्याच पुस्तिकेत पुढे भडोच, तिथून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तेर, किनाऱ्यावर सोपारा आणि कल्याण.

मी कल्याणचा. आमच्या गावाबद्दल त्यात असं आहे, की थोरल्या सारगनसच्या काळात ही रीतसर बाजारपेठ होती, पण सांदनेसच्या ताब्यात आल्यापासून तिची कोंडी झाली. ग्रीक जहाज तिथे लागलं तर पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. हे वाचून मी उठून उभा राहिलो. शहरात माल उतरू न देता पहारेकरी बरोबर देऊन पुढे काढून देणं हे काम मी स्वतः केलेलं आहे.

इ.स. १०६ मध्ये शेवटचा राजा रब्बेल दुसरा गेला आणि रोमन सम्राट ट्राजनने नबाती राज्य साम्राज्यात घेतलं. पुढच्या काही वर्षांत बोस्रापासून अकाबाच्या आखातापर्यंत फरसबंदी रस्ता झाला. ट्राजनने तो रंगवलेल्या क्षेत्राच्या कडेने न काढता मधून काढला, कारण माझ्या अंदाजाने टाकी आणि विहिरी जिथे होत्या तिथूनच रस्ता जाऊ शकत होता. तांड्यांचा ओघ मात्र तोपर्यंत उत्तरेला, सीरियाच्या वाळवंटातल्या पाल्मिराकडे सरकू लागला होता.

सध्या मी पाल्मिराच्याच एका दगडाबद्दल वाचतो आहे. इ.स. १३७ मध्ये तिथल्या नगरसभेने जकातीचा दरतक्ता ग्रीक आणि स्थानिक अरामी अशा दोन्ही भाषांत कोरून उभा केला. १८८१ मध्ये तो सापडला, आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. सुरुवातीलाच कारण दिलंय. पूर्वीच्या नियमांत पुष्कळ जिन्नस लिहिलेलेच नव्हते, वसुली रूढीने चालायची आणि त्यामुळे व्यापारी आणि जकातवाले यांच्यात सतत वाद होत. म्हणून एकेक जिन्नस लिहून दर ठरवा आणि देवळासमोर सगळ्यांना दिसेल असा दगड लावा, असा ठराव. पुढे यादी. उंटाचं ओझं, गाढवाचं ओझं, येणारा माल, जाणारा माल. सुगंधी तेलाच्या ओळी मी पुन्हा पुन्हा वाचतो. तेल अलाबास्टर दगडाच्या भांड्यांतून आलं तर दर जास्त, बकऱ्याच्या कातडी बुधल्यांतून आलं तर कमी. दोन्ही तेलंच, ओझंही एका उंटाचंच. फोडून, हुंगून बघत बसलं तर तांडा दिवसभर दारात खोळंबणार. मग भांडं बघून प्रत ठरवा आणि पुढे सोडा. ही नोंद करणाऱ्या माणसाने दारात उभं राहून उंट मोजलेले आहेत.